खाडीच्या चिखलातून औषध शोधायचंय? मग स्पंज विसरा आणि तिथी बघा

दरवर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की एमएस्सीची दोन-तीन पोरं टेबलापाशी येऊन उभी राहतात, सर समुद्रातल्या प्राण्यांपासून कॅन्सरवर औषध शोधायचंय, मालवणला स्पंज मिळतो ना. मी एकच विचारतो, मिळाला समजा, किती किलो मिळेल? मग सगळे गप्प.

हा प्रश्न छळायला विचारत नाही, या क्षेत्रात भले भले याच्यावरच अडकलेत. ट्राबेक्टेडिन नावाचं सार्कोमा या कॅन्सरवरचं औषध आहे, कॅरिबियन समुद्रात तिवरांच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या एका ट्युनिकेट (पिशवीसारख्या मऊ) प्राण्यातून सापडलेलं, त्याचा एक ग्रॅम मिळवायला साधारण एक टन प्राणी लागायचे. न्यूझीलंडमध्ये एक टन स्पंज काढून त्यातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन किती मिळालं तर ३१० मिलिग्रॅम. ब्रायोस्टॅटिन या अशाच रसायनासाठी अमेरिकेत १३ टन ब्रायोझोआ (वसाहत करून चिकटून राहणारे समुद्रातले बारके प्राणी) गोळा केले आणि हातात आले १८ ग्रॅम. आता तुम्ही डब्यात आणलेला मूठभर स्पंज आणि त्यातून काढलेला एक्स्ट्रॅक्ट म्हणजे अर्क, त्याने एखादी प्लेट भरेल, पुढे काय?

दुसरी गंमत म्हणजे यातली बरीच रसायनं त्या प्राण्याची नसतातच. ट्राबेक्टेडिन बनवतो ट्युनिकेटच्या अंगात राहणारा एक जिवाणू. ब्रायोस्टॅटिनचंही तेच. डोलास्टॅटिन १० हे रसायन हिंदी महासागरातल्या समुद्रसशात (गोगलगायीच्या जातीचा प्राणी) सापडलं, नंतर कळलं की तो जे सायनोबॅक्टेरिया खातो त्यांचं ते आहे (आज ब्रेंटक्सिमॅब वेडोटिन या लिम्फोमावरच्या औषधात जो विषारी भाग जोडलेला असतो तो याच डोलास्टॅटिनवरून बेतलेला आहे). म्हणजे घर एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा.

म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे, प्राण्याच्या मागे लागू नका, चिखल आणा. चिखलातले ऍक्टिनोमायसीट जिवाणू (बुरशीसारखे तंतू काढणारे) प्लेटवर वाढतात, फ्रीजरमध्ये राहतात, लागलं की परत वाढवता येतात. खाली जे लिहितोय ते साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये होतं, एक ऑटोक्लेव्ह, एक लॅमिनार (निर्जंतुक हवेचं टेबल), एक शेकर आणि रोटरी इव्हॅपोरेटर असला की पुरे. बाकी बाहेरून करून घ्यायचं. आणि लॅब लहान आहे म्हणून रडू नका, बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेतून शिकून फिलिपिन्सला परत गेला तेव्हा डीएनएवर काम करायला तिथे उपकरणं नव्हती, म्हणून त्याने किनाऱ्यावर मिळणारे कोन शंख घेतले आणि त्यांचं विष तपासायला लागला. त्यातूनच पुढे झिकोनोटाइड आलं, २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं दुखण्यावरचं औषध, थेट मणक्यात द्यावं लागतं. आणि ते रसायन वेगळं कुणी काढलं, तर पुढे अमेरिकेत युटाहला त्याच्या लॅबमधल्या मायकेल मॅकिंटॉशने, तेव्हा तो कॉलेजातला पोरगा होता.

पायरी १: कागदपत्रं, कंटाळा आला तरी

कोकणात प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, काही स्पंज आणि काही शंख हे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. "एकच तुकडा घेतला" हे कुणी ऐकून घेत नाही. मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून राखीव आहे, तिथे हात लावायचा नाही. कांदळवनातला चिखल घ्यायचा असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कॉलेजच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या, जागा, महिना आणि किती ग्रॅम ते लिहून. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून प्रोजेक्टचं नाव ठरायच्या आधी पत्र टाका.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. भारतीय माणूस भारतातल्या संस्थेत नुसतं संशोधन करत असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागत नाही, पण नमुना किंवा कल्चर परदेशात पाठवायचं असेल, परदेशी लॅबबरोबर काम असेल किंवा पेटंट घ्यायचं असेल तर त्यांच्याकडे जावंच लागतं. परदेशातल्या मित्राला कुरियरने चार वायल पाठवून देऊ असलं करू नका.

पायरी २: तिथी बघून निघा

इथे आजोबांचं ज्ञान कामाला येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पण अष्टमीला भांगाचं पाणी असतं, फार खाली जात नाही. आपल्याला पाहिजे उधाणाच्या दिवसांतली ओहोटी, तेव्हाच एरवी पाण्याखाली असणारा गाळ उघडा पडतो. मी अवसेनंतरची किंवा पुनवेनंतरची द्वितीया धरतो, भरती दीडच्या आसपास म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला, उजेड असतो, ऊन नसतं आणि अकराच्या आत लॅबमध्ये परत येता येतं. मोबाईलवर टाइड टेबल मिळतंच, ते बघाच, पण हिशेब तोंडी येत असला तर बोटवाला फसवत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. खाडीचं पाणी इतकं गोडं होतं की तुम्ही डोंगरावरून वाहून आलेली माती गोळा करून याल आणि तिला सागरी म्हणाल. डिसेंबर ते एप्रिल उत्तम.

बरोबर काय न्यायचं: निर्जंतुक ५० मिलीच्या ट्यूब, स्पॅचुला, स्पिरिट, आइसबॉक्स, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, पीएच पट्ट्या, आणि पेन्सिल. मार्कर नाही, पेन्सिल. मार्करची शाई बर्फाच्या ओलीने आणि स्पिरिटने पुसली जाते, मग घरी येऊन बारा ट्यूब समोर ठेवून बसायचं, कुठली चिपीखालची आणि कुठली तिवराखालची (दोन्ही कांदळवनातली झाडं). वरचा एक-दोन सेंटिमीटर थर बाजूला सारायचा आणि खालचे पाच ते दहा सेंटिमीटर घ्यायचे. एका जागेवरून एकच नमुना घेण्यापेक्षा वेगवेगळ्या चार-पाच जागा घ्या, वाळूचा, चिखलाचा, खडकाच्या फटीतला, पाण्याखालचा. मोबाईलवर लोकेशनचा फोटो काढा. गमबूट घाला, कालवांनी पाय कापला की पंधरा दिवस चालता येत नाही, आणि देखणा शंकूसारखा शंख दिसला तर जिवंत असताना उचलू नका, त्यातल्या काही जातींनी माणसं मेलीयत.

त्याच फेरीत वीस लिटर समुद्राचं पाणीही आणा, बंदरापासून आणि सांडपाण्याच्या तोंडापासून लांबून. गाळून, काळोखात झाकून ठेवा, मीडियासाठी, म्हणजे जिवाणूंच्या खाण्यासाठी, हेच लागणार.

पायरी ३: जे नकोय ते आधी मारा

चिखलाच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यातले भराभर वाढणारे बहुतेक आपल्या कामाचे नसतात. तसाच पसरला तर दुसऱ्या दिवशी प्लेट बटबटीत भरून जाते. ऍक्टिनोमायसीट हळू वाढतात पण त्यांचे बीजाणू चिवट असतात, कोरडं आणि गरम दोन्ही सोसतात. याच गोष्टीचा फायदा घ्यायचा.

निर्जंतुक पेट्रीडिशमध्ये चिखल पातळ पसरून लॅमिनारमध्ये एक-दोन रात्री वाळवा. मग त्याचे दोन भाग करा. एक भाग निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात घोळून ५५ ते ६० अंशावर पंधरा-वीस मिनिटं वॉटरबाथमध्ये ठेवा आणि नेहमीसारखं डायल्यूशन करून (पातळ पातळ करत) पसरा. दुसरा भाग खलात बारीक कुटा आणि शिक्के मारा. हे शिक्के मारणं मला फार आवडतं, बाटलीला बूच असतं तसा फोमचा निर्जंतुक बोळा त्या भुकटीत हलकेच टेकवायचा, झटकायचा आणि प्लेटवर घड्याळाच्या काट्याप्रमाणे टक टक टक करत आठ-दहा ठिकाणी टेकवत जायचं, परत भुकटीत बुडवायचा नाही. प्रत्येक टेकवण्याला माती कमी होत जाते, पहिल्या दोन शिक्क्यांवर गर्दी होते आणि शेवटच्या तीन-चारांवर सुट्या वसाहती उगवतात. पाणी लागत नाही, पिपेट लागत नाही, आणि डायल्यूशनपेक्षा कधी कधी चांगलं काम होतं.

मीडिया साधा ठेवा. एक लिटरला स्टार्च १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४ ग्रॅम, पेप्टोन २ ग्रॅम, अगार १८ ग्रॅम, आणि पाणी समुद्राचं. हाच मीडिया दहापट पातळ करूनही एक सेट ठेवा, उपाशी पोटी वाढणारे वेगळेच असतात. बुरशी येऊ नये म्हणून निस्टॅटिन किंवा सायक्लोहेक्झिमाइड (हे माणसालाही विषारी आहे, ग्लोव्हज आणि मास्क घालूनच वजन करा), ग्राम निगेटिव्ह दाबायला नॅलिडिक्सिक ऍसिड मिलीला १० ते २० मायक्रोग्रॅम.

मग २८ अंशावर ठेवा आणि वाट बघा. किती? सहा आठवडे. बहुतेक जण इथेच हरतात. आठव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून प्लेटा टाकून देतात, आणि जे आठ दिवसांत उगवलं तेच उचलतात, ते जगात सगळ्यांनी आधीच उचललेलं असतं. प्लेट वाळू नये म्हणून झिप पिशवीत ओल्या कापसाचा बोळा घालून ठेवा. आमच्याकडे एकदा मे महिन्यात लाइट गेली, इन्क्युबेटर बंद, सुट्टी, कुणी बघितलं नाही, परत आलो तर प्लेटांचे पापड झालेले. त्यातली एक उगीच ओलसर होती, तिच्यावरच सगळ्यात चांगली वसाहत मिळाली, पण हा काही पद्धतीचा भाग नाही.

काय उचलायचं? कडक, अगारात रुतलेली, लूपने ओरखडली तर चटकन न निघणारी, खडूसारखी पावडर असलेली किंवा चामड्यासारखी. नारिंगी ठिपका असेल, वर पांढरी पावडर नसेल आणि काही आठवड्यांनी तो काळा पडत असेल तर नीट जपा, सॅलिनिस्पोरा असाच दिसतो. लोक पूर्वी म्हणायचे की समुद्रातले ऍक्टिनोमायसीट म्हणजे जमिनीवरून वाहून आलेले बीजाणू, दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांनी बहामाजच्या गाळातून सॅलिनिस्पोरा वाढवून दाखवला, जो समुद्राच्या पाण्याशिवाय वाढतच नव्हता, आणि त्यातून २००३ साली सॅलिनोस्पोरामाइड ए बाहेर आलं. ते कॅन्सरवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमाच्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. असंही होतं.

म्हणून प्रत्येक आयसोलेट (वेगळा काढलेला जिवाणू) दोन प्लेटांवर लावा, एक समुद्राच्या पाण्याची, एक साध्या डिस्टिल्ड पाण्याची. फक्त पहिल्यावर वाढला तर त्याच्यावर तारा काढा. दोन्हीवर वाढला म्हणजे टाकाऊ असं नाही, पण पहिली पसंती तारावाल्याला.

शुद्ध झालं की त्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये किमान सहा वायल, उणे ८० ला. उणे ८० नसेल तर उणे २० ला चालेल पण मग दहा करा. नंतर करू म्हणू नका.

पायरी ४: वाढवा, गाळा, आणि रिकाम्या मीडियाचाही एक्स्ट्रॅक्ट काढा

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली मीडिया, २८ अंश, १८० ते २०० फेरे, सात ते दहा दिवस. एकाच मीडियात वाढवून निकाल देऊ नका, जिवाणू खाण्याप्रमाणे रंग बदलतो, एकाला तीन-चार मीडियात वाढवलं तर तीन-चार वेगळी रसायनं निघू शकतात. पैसे असतील तर लिटरला २० ग्रॅम एक्सएडी-१६ रेझिन घाला, ते रसायन शोषून घेतं आणि काम सोपं होतं. नाहीतर सरळ तितक्याच इथाइल ऍसिटेटने तीनदा एक्स्ट्रॅक्ट करा, वरचा थर जमवा, रोटाव्हॅपवर ४० अंशाच्या आत उडवा, वजन करा, डीएमएसओ या द्रावकात विरघळवा. इथाइल ऍसिटेट भडकन पेटतं, जवळ बर्नर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. जिवाणू न घातलेला फ्लास्कही शेकरवर तितकेच दिवस ठेवा आणि त्याचाही तसाच एक्स्ट्रॅक्ट काढा. याला कुणी विचारत नाही म्हणून कुणी करत नाही.

मी स्वतः फसलोय. पहिल्या वर्षी एका आयसोलेटमध्ये फार सुंदर पीक (यंत्राच्या आलेखावरचं टोक) मिळाला, मास म्हणजे रेणूचं वजन ३९१, आम्ही चहा-वडे मागवले. ते होतं थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ते, स्वस्तातल्या प्लास्टिक ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म ठेवल्यामुळे सुटलेलं. डायब्युटाइल थॅलेट असेल तर २७९ ला दिसतं, आणि जीसी-एमएसमध्ये (वाफ करून रसायनं वेगळी करून त्यांचं मास मोजणारं यंत्र) १४९ चा ठसठशीत तुकडा दिसला की समजा हे समुद्रातून नाही, दुकानातून आलंय. थॅलेटला सागरी जिवाणूचं नवं औषधी द्रव्य म्हणून छापलेले पेपर कितीतरी आहेत. आणि जीसी-एमएसची लायब्ररी मॅच करून "हेक्झाडेकॅनॉइक ऍसिड सापडलं" असं लिहिणारे त्याहून जास्त, अहो ते पामिटिक ऍसिड आहे, ते तुमच्या तेलाच्या डब्यातही आहे. काचेची भांडी, टेफ्लॉनची झाकणं, आणि रिकामा कंट्रोल, एवढं पाळा.

पायरी ५: झोनवर जाऊ नका

प्लेटला भोक पाडून एक्स्ट्रॅक्ट घातला आणि २२ मिलिमीटरचा झोन (भोकाभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) आला म्हणून कुणी नाचू नये. झोनचा आकार म्हणजे रसायन अगारात किती पसरलं, त्याची ताकद नाही. लहान आणि पाण्यात विरघळणारं कमजोर रसायन मोठा झोन देईल आणि जबरदस्त पण मोठ्या रेणूचं रसायन भोकाच्या कडेला चिकटून बसेल. झोन फक्त चाळणी म्हणून वापरा, आहे की नाही एवढ्यापुरतं.

आकडा, म्हणजे एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण), पाहिजे तर ९६ खणांची प्लेट घ्या. म्युलर-हिंटन ब्रॉथ १०० मायक्रोलिटर प्रत्येक खणात, पहिल्या खणात एक्स्ट्रॅक्ट, तिथून निम्मं निम्मं करत दहाव्यापर्यंत. जिवाणू ०.५ मॅकफारलँडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळवून पातळ करा म्हणजे शेवटी मिलीला साधारण पाच लाख राहतील. अकरावा खण नुसता जिवाणू आणि तितकाच डीएमएसओ, बारावा नुसता ब्रॉथ. डीएमएसओ एक टक्क्याच्या वर नको. शेजारच्या ओळीत माहितीतलं एखादं अँटिबायोटिक, ते अपेक्षित आकड्याला थांबलं नाही तर प्लेट फेकून परत लावा. सोळा ते वीस तासांनी बघायचं, रेझाझुरिन हा रंग घातला तर निळा खण म्हणजे मेले, गुलाबी म्हणजे जिवंत, फोटोही छान येतो. सोप्या जिवाणूवरच थांबू नका, एक ग्राम पॉझिटिव्ह, एक ग्राम निगेटिव्ह आणि एक कँडिडा ही बुरशी ठेवा. रोगट कल्चर उघड्या बाकावर हाताळायचं नाही हे सांगायला नको.

कच्च्या एक्स्ट्रॅक्टला मिलीला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली परिणाम दिसला तर पुढे जा. मिलीला दोन-तीन मिलिग्रॅम घालून जिवाणू मारला हे काही कौतुक नाही.

कॅन्सरच्या पेशींवर करायचं असेल तर पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून पेशी मिळतात, पण एमटीटी (किती पेशी जिवंत राहिल्या ते दाखवणारी चाचणी) लावताना निरोगी पेशींची एक ओळ ठेवलीच पाहिजे. सगळ्याच पेशी सारख्या मारत असेल तर ते विष आहे, औषध नाही. आणि कृपा करून प्रोजेक्टच्या निष्कर्षात "कॅन्सरवर उपाय सापडला" लिहू नका, नातेवाईक वाचतात आणि फोन येतात.

पायरी ६: डोंगर पोखरून उंदीर काढण्याआधी

समजा एक आयसोलेट भारी निघाला. लगेच दहा लिटर वाढवायला घेऊ नका. आधी विचारा, हे कुणाला माहीत आहे का? चिखलातला स्ट्रेप्टोमायसीस पिवळा-केशरी रंग सोडत असेल आणि सगळं मारत असेल, कॅन्सरच्या पेशीही, जिवाणूही, तर पहिला संशय ऍक्टिनोमायसिनवर. माझा हा जुना शत्रू आहे. ४४० नॅनोमीटरजवळ शोषण आणि मासमध्ये १२५५.६ दिसलं की खेळ खलास, ऍक्टिनोमायसिन डी, १९४० पासून माहीत असलेलं. ४६७ च्या आसपास काही आलं तर स्टॉरोस्पोरिन हे माहितीतलं रसायन बघा. लालभडक असेल आणि भराभर वाढत असेल तर बहुधा सेरेशिया हा जिवाणू आणि त्याचं लाल रंगद्रव्य प्रोडिजिओसिन.

हे कसं तपासायचं: एक मिलिग्रॅम कच्चा एक्स्ट्रॅक्ट एलसी-एमएसला (द्रवातली रसायनं वेगळी करून मास मोजणारं यंत्र) द्या. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात पैसे भरून करून देतात, पुण्यात एनसीएलला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ओळख असेल तर तिथे विचारा. मास आले की एनपी ऍटलस या डेटाबेसमध्ये शोधा, फुकट आहे आणि जिवाणू-बुरशीच्या रसायनांचंच आहे. रेणूच्या तुकड्यांचा डेटा असेल तर जीएनपीएस या वेबसाइटवर टाका, तेही फुकट. मारिनलिट हा खास समुद्राचा डेटाबेस पैशाचा आहे, तुमचं विद्यापीठ भरत असेल तर नशीबवान आहात. सोबत १६एस (जिवाणूची जात ओळखणारी जनुक-तपासणी) करून घ्या. शंभर टक्के जुळणारी जात असेल तर तिच्यातून आजवर काय काय निघालंय ते एका दुपारी वाचून होतं, आणि ती दुपार तुमची दोन वर्षं वाचवते. पूर्ण जीनोम करायला जमलं तर अँटिस्मॅश या प्रोग्रॅममध्ये टाका, कोणत्या कारखान्याचे नकाशे त्यात आहेत ते दिसतं, पण कारखाना असणं आणि चालू असणं वेगळं.

शंभरातले बहुतेक इथेच गळतात, आणि ते चांगलंच आहे. गळाला नाही तो एकच तुमचा.

पायरी ७: वेगळं काढणं, थोडक्यात

हे ज्याला करायचंय त्याने केमिस्ट्रीवाला मित्र जोडावा, मायक्रोबायोलॉजीवाल्याचं काम इथे निम्मं संपतं. तत्त्व एकच, तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा परत पायरी ५ मधून घाला, ज्याने जिवाणू मारले तो ठेवा, त्याचे परत तुकडे. आधी सिलिका किंवा सी-१८, मग सेफाडेक्स एलएच-२०, शेवटी एचपीएलसी (हे सगळे रसायनं वेगळी करायचे कॉलम). प्रत्येक पायरीला वजन आणि एमआयसी शेजारी शेजारी लिहा. शुद्ध होत जाईल तसा एमआयसीचा आकडा खाली यायला हवा. येत नसेल तर दोन रसायनं मिळून काम करत होती आणि तुम्ही त्यांची फारकत केली, किंवा ते हवेत-उजेडात मोडतंय. मग काही तुकडे परत एकत्र करून बघा, ब्राऊन बाटली वापरा.

एनएमआरला (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) देताना निदान दोन-तीन मिलिग्रॅम शुद्ध पाहिजे, तेवढ्यासाठी चार-पाच लिटर वाढवावं लागेल असं धरा. आता कळलं ना मी स्पंजला का नाही म्हणत होतो, जिवाणूचं परत वाढवता येतं.

पायरी ८: हे परत मिळेल का?

औषध होण्याचा रस्ता लांब असतो, फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजातून वर्नर बर्गमन यांना १९५० च्या आसपास जी न्यूक्लिओसाइडं (डीएनएच्या विटांसारखी रसायनं) मिळाली त्यांच्यावरून बेतलेलं सायटाराबीन बाजारात यायला १९६९ उजाडलं, आणि ते आजही रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात. ते साधं होतं म्हणून कारखान्यात बनवता आलं. एरिब्युलिन या कॅन्सरच्या औषधासाठी हॅलिकॉन्ड्रिनचा अर्धाच भाग घेऊन साठाहून जास्त पायऱ्यांचं रसायनशास्त्र करावं लागलं, २०१० ला मान्यता मिळाली. ट्राबेक्टेडिनचा तिढा कसा सुटला, तर स्युडोमोनास फ्लुरेसेन्स या जिवाणूकडून सायनोसॅफ्रासिन बी बनवून घ्यायचं आणि तिथून पुढच्या पायऱ्या लॅबमध्ये. म्हणजे टनभर प्राण्यांपासून सुरू झालेली गोष्ट शेवटी जिवाणूच्या टाकीतच आली.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ तीन कामं. एक, तो आयसोलेट पुण्याच्या किंवा चंदीगडच्या कल्चर कलेक्शनमध्ये जमा करा, नंबर घ्या. दोन, पेटंटचा जरासा जरी विचार असेल तर आधी पोस्टर, सोशल मीडिया, कॉलेजचं मासिक कुठेही रचना टाकू नका, छापून आलं की नवेपण गेलं, आणि जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया त्याच्याबरोबरच सुरू करा. तीन, आणि हे सगळ्यांना उशिरा कळतं, हे जिवाणू लाडावतात. प्लेटवरून प्लेटवर दहा-बारा वेळा घेत गेलं की छान मऊसूत वाढायला लागतात, आणि रसायन बनवायचं बंद करतात. आमच्याकडे एका मुलीचा आयसोलेट सहाव्या महिन्यात असाच मुका झाला, एमआयसी काही केल्या येईना, मीडिया बदलला, पाणी बदललं, शेकर बदलला, मलाच शिव्या बसल्या असतील मनात. शेवटी तिने पहिल्या दिवशीच्या ग्लिसरॉलमधली वायल काढली, पेन्सिलने द्वितीया, चिपीखालची, ४ नंबर असं लिहिलेली, ती लावली, आणि अकराव्या दिवशी प्लेट परत निळी.